भिंतीवरून परतलेल्या लहरी

बिनतारी दळणवळणात जवळजवळ शंभर वर्षे भिंत ही शत्रू मानली गेली. मनोऱ्यावरून निघालेली लहर इमारतींवर, डोंगरांवर आपटून विखुरते आणि एकाच संदेशाच्या अनेक प्रती मागेपुढे येऊन पोचतात. त्या एकमेकींना कधी बळ देतात, कधी पुसून टाकतात. चौकात थांबलेली गाडी हातभर पुढे सरकताच रेडिओचा आवाज विरतो, तो त्यामुळे. यावर जुना तोडगा एकच: दोन अँटेना लावायच्या आणि जिच्यावर बरे ऐकू येते ती धरायची.

या शत्रूलाच कामाला जुंपण्याची कल्पना १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पेटंटसाठी दाखल झाली. ती मांडणाऱ्या दोघांच्याही शिक्षणाचे धागे आपल्याकडे पोचतात. थॉमस कैलाथ यांचा जन्म पुण्याचा, अभियांत्रिकीची पदवीही पुण्याचीच. आरोग्यस्वामी पॉलराज तमिळनाडूचे. पण पंधराव्या वर्षी ते खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आले आणि पुढे लोणावळ्याच्या नौदल महाविद्यालयात शिकले. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. पाणबुडीची चाहूल दुरून लागणे हा नौदलापुढचा जिवामरणाचा प्रश्न झाला. पॉलराज यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ‘अप्सोह’ ही सोनार यंत्रणा १९८३ मध्ये सिद्ध झाली. सोनारमध्ये अनेक ध्वनिग्राहक असतात. आवाज प्रत्येकापर्यंत किंचित वेगळ्या क्षणी पोचतो आणि त्या फरकावरून त्याची दिशा काढता येते. पुढच्या साऱ्या कथेचे बीज मला या गणितात दिसते.

स्टॅनफर्डमध्ये एकाच वारंवारतेवरचे संदेश वेगळे काढण्याचे काम चालू असता पॉलराज यांच्या ध्यानात आले, की लहरी विखुरल्या तर हे काम उलट सोपे जाते. वाटा वेगळ्या, म्हणून प्रत्येक लहरीवर उमटणारी खूणही वेगळी. मग एकाच पट्ट्यात, एकाच क्षणी, दोन अँटेनांवरून दोन निराळे मजकूर का धाडू नयेत? पेटंट १९९४ मध्ये मिळाले. बेल लॅब्जच्या जेरार्ड फॉशिनी यांनी १९९६ मध्ये दाखवले, की दोन्ही टोकांच्या अँटेना वाढवत नेल्या तर त्या प्रमाणात वाहतूकही वाढते. जादा पट्टा लागत नाही. तिथल्याच जॅक विंटर्स यांनी १९८७ मध्ये या दिशेचे गणित मांडले होते. म्हणून ‘जनक’ हा शब्द मी कुणा एकासाठी वापरत नाही.

अर्थात एक हिशेब चुकत नाही. अनेक अँटेनांवरून वेगवेगळे मजकूर पाठवले तर वेग मिळतो. एकच मजकूर पाठवला तर खात्री. सियावश अलामुती यांनी १९९८ मध्ये दोन अँटेनांवरून खात्री मिळवण्याची इतकी सोपी रीत दिली, की ती लगेच वापरात आली. दोन्ही लाभ एकदम पुरेपूर मिळत नाहीत, एकासाठी दुसरा किती सोडावा लागतो, हे लिझाँग झेंग आणि डेव्हिड त्से यांनी २००३ मध्ये सिद्ध केले.

पण तळहाताएवढ्या फोनमध्ये अँटेना बसणार तरी किती? तेव्हा त्या मनोऱ्यावर वाढवायच्या आणि एकाच क्षणी अनेक फोनांना सेवा द्यायची, हा पुढचा टप्पा. त्यासाठी प्रत्येकाचा मजकूर दुसऱ्याच्या फोनपाशी पोचताना पुसला जाईल अशा बेताने लहरी सोडाव्या लागतात. थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये मनोऱ्यावर अँटेना अमर्याद वाढल्या तर काय होईल, हे तपासले. उत्तर सुखद निघाले: गोंगाट निष्प्रभ होतो आणि साधे गणितही पुरते. आज फाइव्ह-जीच्या मनोऱ्यांवर चौसष्ट अँटेनांच्या फळ्या दिसतात, त्यामागे हा विचार आहे.

मात्र प्रत्येक फोनची वाट मनोऱ्याला आधी ठाऊक हवी. त्यासाठी फोन ठरलेली खूण पाठवतो. माणूस चालू लागला की वाट बदलते. म्हणून खूण पुन्हापुन्हा पाठवावी लागते. अशा खुणा मोजक्याच असल्याने शेजारच्या मनोऱ्याच्या हद्दीतही त्याच वापरल्या जातात. मग मनोरा परक्या फोनची खूण आपल्याची समजतो, आणि अँटेना कितीही वाढवल्या तरी, मार्झेटा यांच्या हिशेबात, एवढा एकच दोष शिल्लक राहिला. त्यावर तोडगे शोधण्यात पुढची कित्येक वर्षे गेली.