धूर बाहेर काढा, पण कूड सांभाळा
कुडाच्या भिंतीतून धुराडे नेण्याची हकिगत



चुलीचा धूर घराबाहेर गेला पाहिजे, हे आता कोणाला नव्याने सांगायला नको. घरच्या बायामाणसांचे डोळे आणि छाती धुराने खराब होते, हे सगळ्यांना पटलेले आहे. पण धुराडे भिंतीतून किंवा छपरातून ज्या ठिकाणी बाहेर पडते, त्या वीतभर जागेकडे फारसे कोणी बघत नाही. भिंत विटांची किंवा दगडमातीची असली तर काळजी कमी. ती कारवीची, बांबूची किंवा फळ्यांची असली तर मात्र घराला खरा धोका त्याच जागी असतो. ही गोष्ट माणसाला कशी कळत गेली त्याची हकिगत आधी सांगतो, म्हणजे शेवटी जे करायला सांगणार आहोत त्याचे कारण ध्यानात येईल.

जुने घर आणि जुनी चूल

आपल्या नाशिक जिल्ह्यात घरांच्या दोन तऱ्हा पूर्वापार आहेत. सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगावकडे पाऊस बेताचा, म्हणून दगडमातीच्या जाड भिंती आणि वर धाबे. धाब्याला भोक ठेवले की धूर त्यातून निघून जायचा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या डांगी भागात पाऊस धो धो. तिथे डोंगरात कारवी मुबलक. ही कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि तिच्या सरळ काठ्या घराला उपयोगी पडतात. काठ्या उभ्या विणायच्या, दोन्ही अंगांनी शेणमातीचा लेप द्यायचा, की कूड तयार. वर गवताचे छप्पर, पुढे कौले आली. कूड दिसायला मातीचा, पण आत सगळे वाळलेले सरपणच, हे विसरू नये.

अशा घरात पिढ्यान् पिढ्या चुली पेटल्या, तरी घरे रोज जळत नव्हती. याचे कारण काय? चूल जमिनीवर उघडी असायची, जाळ बेताचा. वर जाणारा धूर वाटेत घरातल्या हवेत मिसळून थंड व्हायचा आणि मग गवतातून झिरपत बाहेर पडायचा. त्या धुराचा उपयोगही होता. छपराला कीड कमी लागे. बियाण्याची कणसे चुलीवर धुरात टांगली की त्यांना भुंगा धरत नसे. चुलीच्या अंगाला वैल असायची. चुलीतली उरलेली धग वैलात जायची आणि त्यावर कालवण गरम राहायचे. म्हणजे एका जाळावर दोन भांडी, ही युक्ती आपल्या आयाबायांना आधीपासून ठाऊक होती.

या सगळ्याची किंमत मात्र चुलीपाशी बसणारी बाई मोजत होती. फुंकणी फुंकून तिचे डोळे जायचे, आणि खोकला जन्माचा सोबती व्हायचा.

मगनवाडीची चूल

या धुराचा विचार आपल्याच महाराष्ट्रात झाला. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे कार्यवाह होते. तेल घाणी, हातकागद, गूळ यांबरोबर तिथे चुलीवरही काम झाले, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास ‘मगन चूल’ लोकांपुढे आली. मातीची, बंद तोंडाची, एकापेक्षा जास्त भांडी बसणारी आणि धुराडे असलेली. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीवर काम केले आणि १९५३ साली त्याची पुस्तिका निघाली. दोन्ही चुलींचे तत्त्व एकच. जाळ बंद जागेत ठेवायचा, धग एका भांड्याखालून दुसऱ्याखाली न्यायची आणि धूर धुराड्याच्या ओढीने बाहेर काढायचा.

धूर नुसता डोळ्यांत झोंबतो असे नाही, हे मोजमापाने पुढे आले ते १९८३ साली. किर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या श्वासाजवळची हवा तपासली. चुलीपाशी बसणारी बाई किती वाईट हवा ओढते, ते त्यातून दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली जाहीर केलेल्या अंदाजाप्रमाणे, घरातल्या धुरामुळे २०१२ या एका वर्षात जगात सुमारे ४३ लाख माणसे दगावली.

सरकारी मोहीम

१९८३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. गावोगाव गवंडी आणि कुंभार तयार झाले, अनुदान आले, चुली बसू लागल्या. २००२ साली केंद्राने हा कार्यक्रम थांबवला, तोवर देशात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद झाली होती. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनेही या कामात मोठा वाटा उचलला. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली ही संस्था काढली. धुराड्याची दोन भांड्यांची ‘लक्ष्मी’ चूल पुष्कळ घरांत ओळखीची झाली.

पण बसवलेल्या चुलींपैकी कितीतरी काही वर्षांत बंद पडल्या. कोणाचे धुराडे काजळीने तुंबले, कोणाचा पाईप फुटला, कोणाची भांडी तोंडावर बसेनात. मोजदाद चुलींच्या आकड्याची व्हायची. धुराडे कोणत्या भिंतीतून जाते, ती भिंत कशाची, वर छप्पर कशाचे, हे त्या आकड्यात येत नव्हते. एकाच मापाची चूल सिन्नरच्या मातीच्या भिंतीशीही बसली आणि सुरगाण्याच्या कुडाशीही बसली.

इथेच खरी गोम आहे. उघड्या चुलीचा धूर वर जाईपर्यंत थंड होत होता. बंद चुलीचा धूर हवेत न मिसळता तसाच गरम पाईपात शिरतो, आणि तो गरम पाईप आपण कुडाला चिकटवून बाहेर काढतो. म्हणजे बाईच्या डोळ्यांचा त्रास गेला, पण धग आणि ठिणगी नेमकी काडीगवताच्या अंगाला नेऊन ठेवली. याचा अर्थ धुराडे वाईट असा नाही. धुराडे हवेच. पण त्याला भिंतीतून जायची नीट वाट करून द्यायला हवी.

साडेतीनशे वर्षांहून जुना धडा

हा धडा दुसऱ्या मुलखातल्या लोकांनी फार पूर्वी सोसून घेतला आहे. अमेरिकेत बोस्टन गाव नवे वसत होते. गोऱ्या वसाहतवाल्यांची पहिली घरे लाकडाची, छपरे गवताची, आणि धुराडीसुद्धा काठ्यांची. काठ्यांना आतून मातीचा लेप, म्हणजे आपल्या कुडासारखेच काम. १६३१ च्या मार्चमध्ये शार्प नावाच्या माणसाच्या धुराड्याने पेट घेतला. टोकाकडच्या काठ्यांना माती लावलेली नव्हती. तिथून आग गवताला लागली आणि घर जळून गेले. त्यानंतर तिथल्या कारभाऱ्यांनी नवे गाव बांधताना ठराव केला, की लाकडाचे धुराडे कोणी बांधायचे नाही आणि घरावर गवत घालायचे नाही.

मातीचा लेप आहे म्हणून आतली काठी जळत नाही, हा समज त्या लोकांचाही होता. लेपाला भेग पडली, एक पोपडा निघाला, की समज खोटा ठरतो.

काठी कशी पेटते

लेप शाबूत असला तरी धोका संपत नाही. साधारणपणे लाकूड पेटायला अडीचशे-तीनशे अंश उष्णता लागते. पण पाईपाशेजारची काठी रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षे तापत राहिली की ती आतल्या आत करपते. तिचा कोळसा होत जातो. असा कोळसा पुष्कळ कमी उष्णतेवरही धुमसू लागतो. म्हणून ‘दहा वर्षे काही झाले नाही, आता काय व्हायचे?’ असे म्हणू नये. दहा वर्षांत ती काठी पेटायला जास्त तयार झालेली असते.

दुसरा शत्रू काजळी. ओले सरपण घातले की धुरातून डांबरासारखा चिकट थर पाईपात बसतो. एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला की हा थरच पेटतो. पाईपातून घोंघों आवाज येतो, पाईप लाल होतो किंवा तडकतो, आणि वरून ठिणग्या उडतात. त्या वेळी पाईपाला जे काही चिकटलेले असेल ते पेटायला वेळ लागत नाही.

भिंतीतली वाट अशी करा

अमेरिकेत आज जे आगीचे नियम आहेत, त्यांत लाकडावरच्या शेगडीचा एकेरी पत्र्याचा पाईप जळणाऱ्या वस्तूपासून १८ इंच दूर ठेवायला सांगितले आहे. जळणाऱ्या भिंतीतून न्यायचाच असेल, तर त्याच्या भोवती १२ इंच विटांचे बांधकाम हवे. त्या लोखंडी शेगड्या आपल्या चुलीपेक्षा जास्त तापतात. पण आपणही तेच माप धरावे, कारण आपली भिंत अधिक लवकर पेटणारी आहे. हे माप ध्यानात ठेवायला सोपे आहे. पत्र्याच्या पाईपापासून काडीकूड एक हात दूर, आणि भिंतीत पाईपाच्या चहूबाजूंनी एक फूट वीट.

१. पाईप चार इंची असेल तर कुडात निदान अडीच फूट लांब-रुंद चौकोन कापावा. त्यातल्या काठ्या, बांबू, गवत सगळे काढून टाकावे. मग भाजलेल्या विटा मातीत बसवून चौकोन भरावा आणि मधून पाईप न्यावा. विटांचा भार कुडावर टाकू नये, खालून जमिनीपासून आधार द्यावा. त्यापेक्षा चांगले म्हणजे चुलीमागचा कूड जमिनीपासूनच काढून तेवढी भिंत विटांची करावी.

२. पाईपाभोवतीची फट गोणपाट, चिंध्या, गवत किंवा प्लास्टिकने बुजवू नये. मातीनेच लिंपावी.

३. कुडावर नुसता पत्रा ठोकून भागत नाही. पत्रा तापतो आणि मागच्या काठीला तापवतो. पत्रा लावायचाच तर भिंतीपासून इंचभर सुटा ठेवावा, म्हणजे मागून हवा खेळते.

४. कौलांच्या छपरातून पाईप नेताना जवळचे वासे आणि रिपा पाईपापासून एक हात लांब असाव्यात. पाईपाचे टोक छपराच्या निदान तीन फूट वर असावे, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून दोन फूट उंच असावे.

५. छप्पर गवताचे असेल तर पाईप त्यातून नेऊच नये. स्वयंपाकाची पडवी वेगळी करून तिच्यावर कौले घालावीत.

६. पंधरा दिवसांनी, चूल पूर्ण गार झाल्यावर, पाईप झाडावा. सरपण वाळलेले वापरावे. जुने ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पाईप कापू किंवा घासू नयेत. त्यांची धूळ छातीला फार वाईट.

७. पाईपातच आग लागली तर पोराबाळांना बाहेर काढावे, हाक मारून शेजार जमवावा, आणि चुलीची तोंडे राखमातीने झाकून हवा बंद करावी. तापलेल्या पाईपावर पाणी ओतू नये, तो फुटतो. आग विझली तरी पाईपाजवळचा लेप उकरून आतल्या काठ्या बघाव्यात, कारण कूड आतल्या आत रात्रभर धुमसू शकतो.

अजून हे कशाला?

कोणी म्हणेल, आता गॅस आला, चुलीची चर्चा कशाला? २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर वाड्यापाड्यांपर्यंत गेले, हे खरे. पण आंघोळीचे पाणी, भाकरी, गुरांचे आंबोण यांसाठी चूल पुष्कळ घरांत पेटतेच. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की सगळाच स्वयंपाक तिच्यावर येतो. कांद्याच्या चाळीला लागून बांबू-पत्र्याच्या आडोशाला चूल मांडलेली असते. चाळीत वर्षाची कमाई भरलेली असते, आणि धुराड्याची ठिणगी तेवढ्याच अंतरावर उडत असते.

आणखी एक गोष्ट बागायतदार बंधूंना सांगायची आहे. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची माणसे दिंडोरी-निफाडला कामाला येतात. कुठे कुठे त्यांचा मुक्काम बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाच्या खोपीत असतो, आणि चूल त्यातच. अशा खोपीला आग लागली तर बाहेर पडायला घटकाभरही मिळत नाही. शंभर-दोनशे विटा आणि चार जुने पत्रे बागाईतदाराला जड नाहीत. खोपीपासून सुटी, तीन बाजूंनी विटांचा आडोसा असलेली चूल त्यांना आधी करून द्यावी, मग बागेतले काम सांगावे.

दिवाळीनंतर हवा कोरडी होते, कुडातली काठीही कडकडीत वाळते. तेव्हा पाऊस उघडला, भात झोडून झाला, की एक दिवस चुलीमागच्या भिंतीसाठी काढावा. घरच्या कारभारणीला शेजारी उभे करून पाईप कुठून न्यायचा ते तिलाच विचारावे, कारण रोजचा जाळ तीच बघते. मग कुडाला पाईप बाहेर पडतो तिथे चूल पेटलेली असताना हात लावून बघावा. हात टेकवून ठेवता येत नसेल, तर त्याच आठवड्यात तो कूड कापायला घ्यावा.