चंद्राचा दोष की डबक्याचा?

श्रोतेहो, मी पशुवैद्य नव्हे. इतिहास शिकविणारा माणूस. परंतु इतिहास काही केवळ राजांचा नि लढायांचा नसतो, तो रोगांचाही असतो. अशाच एका रोगाची हकिगत आज सांगणार आहे.

लहानपणी आमच्या गावी एक टांगेवाले काका होते. त्यांच्या घोड्याचा एक डोळा मधूनच लाल होई, त्यातून पाणी गळे, उजेड त्याला सोसत नसे. आठ-दहा दिवसांत डोळा निवळे, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. काका म्हणायचे, "अहो, येतं तसं जातं." पण एकदा आले ते गेले नाही. डोळा पांढरा पडला, पुढे दुसराही गेला, आणि टांगा उभा राहिला तो कायमचाच. एका घोड्याचे डोळे गेले म्हणजे एका घराची चूल विझली, हे मी तेव्हा पाहिले.

हे दुखणे फार जुने आहे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी व्हेजिटियस नावाच्या रोमन ग्रंथकाराने जनावरांच्या रोगांवर लिहिले. घोड्याचा डोळा असा पुनःपुन्हा येतो-जातो, त्या अर्थी त्याचा संबंध चंद्राच्या कलांशी असला पाहिजे, अशी त्या काळची समजूत. तेव्हापासून युरोपात या विकाराला 'चंद्रांधत्व' हेच नाव पडले, आणि शतकानुशतके लोक आकाशाकडे पाहत राहिले. पायांखालच्या चिखलाकडे कोणी पाहिले नाही.

त्या चिखलाचा शोध माणसांच्या आजारातून लागला. १८८६ साली जर्मनीतील आडोल्फ वाइल या वैद्याने ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेल्या रोगाचे वर्णन केले. कारण मात्र ठाऊक नव्हते. १९०७ साली अमेरिकेत स्टिम्सन यांना एका मृत रोग्याच्या मूत्रपिंडात मळसूत्रासारखे बारीक जंतू दिसले. त्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असल्यामुळे ते प्रश्नचिन्हासारखे दिसत. प्रश्नचिन्ह खरेच होते, कारण त्यांचे महत्त्व तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे १९१४-१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी क्यूशू बेटावरील कोळसा खाणींच्या मुलखातील रोग्यांचा अभ्यास केला आणि हाच जंतू रोगाचे मूळ असल्याचे सिद्ध केले. १९१७ साली जपानी संशोधकांनीच दाखवून दिले की, उंदीर हा जंतू मूत्रपिंडात बाळगतो आणि मूत्रावाटे बाहेर टाकतो. १९१८ साली नोगुची यांनी जंतूला 'लेप्टोस्पायरा' हे नाव दिले. म्हणून रोग लेप्टोस्पायरोसिस.

१९४० नंतरच्या दशकात जर्मनी व स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी या जंतूचा घोड्याच्या चंद्रांधत्वाशी संबंध जोडला. प्रत्येक चंद्रांधत्व याच जंतूमुळे होते असे मात्र नाही. आमच्या काकांच्या घोड्याला काय झाले होते, हे आज सांगता येणार नाही. पण पुष्कळदा मूळ हेच असते. गंमत अशी की, पहिला ताप इतका सौम्य असतो की तो धन्याच्या लक्षातही येत नाही. घोडा दोन दिवस चंदी कमी खातो, सुस्त राहतो, बस्स. डोळ्याचा दाह दिसतो तो महिन्यांनी, कधी वर्षांनी. मग कारण आणि परिणाम यांची सांगड घालणार कोण? बिचारा चंद्र तेवढा सापडला! गाभण घोडी मात्र या रोगाने शेवटच्या महिन्यांत गाभडते.

हा जंतू साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत टिकतो. ऊन आणि कोरडेपणा त्याला मानवत नाही. उपाय यातच आला. पागेत डबके साचू देऊ नये. चंदी झाकणाच्या डब्यात ठेवावी, म्हणजे उंदीर-घुशी येणार नाहीत. डोण वरचेवर घासून धुवावी. ज्या तळ्यात गुरे-डुकरे बसतात, तेथे घोड्याला पाणी पाजू नये. घोडी गाभडली तर तिला वेगळी बांधावी, पडलेला गर्भ उघड्या हाताने उचलू नये आणि पशुवैद्याला बोलवावे. डोळा लाल दिसला, की त्याच दिवशी बोलवावे. 'येतं तसं जातं' म्हणू नये. अमेरिकेत २०१५ साली घोड्यांसाठी लस आली खरी, पण ती या जंतूच्या एकाच जातीविरुद्ध आहे. स्वच्छतेची जागा ती घेऊ शकत नाही.

यात माणसाचाही स्वार्थ आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर याच रोगाने कितीतरी माणसे आजारी पडली. पायाला जखम असताना पागेच्या चिखलात उतरू नये, गमबूट घालावेत. आणि पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना आपले काम घोड्यांचे आहे हे आवर्जून सांगावे.

शिक्षकमित्रांनी ही हकिगत वर्गात जरूर सांगावी. सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणणारा असो की माथेरानच्या वाटेवर घोडा धरून चालणारा, त्यांची मुले आपल्याच शाळेत बसतात. चंद्राचा काही अपराध नव्हता. अपराध दाराशी साचलेल्या पाण्याचा होता. आणि ते पाणी काढून देणे आपल्या हातचे आहे.