नवसाचा बोकड आणि पंगतीची भाकरी

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन कलशारोहणाचा मंगल दिवस उगवला, हे आपणा सर्वांचे भाग्य होय. या शुभप्रसंगी एका जुन्या इतिहासाचे स्मरण करावेसे वाटते.

वऱ्हाडातील शेणगाव (जि. अमरावती) येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर पुढे संत गाडगेबाबा म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांच्या घरी मुलगी झाली. अशा बारशाला भावकीस दारू-मटणाचे जेवण घालण्याची तेव्हा चाल होती. डेबूजींनी ती मोडून पंगतीला गोडाचे जेवण वाढले. सुधारणेचा आरंभ त्यांनी असा स्वतःच्या घरापासून केला.

१९०५ साली घर सोडल्यावर हाच विचार त्यांनी गावोगाव नेला. दिवसा खराट्याने गाव झाडावे, रात्री कीर्तनास उभे राहावे. देवाच्या नावाने मुके जनावर कापू नका, कर्ज काढून सण करू नका, हे ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून वदवून घेत. पण केवळ उपदेशावर ते थांबले नाहीत. त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, गोरगरिबांना अन्नदान केले. जुनी पंगत मोडणाऱ्याने नवी पंगत मांडावी लागते, हे त्यांनी जाणले होते. २० डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले.

हे लिहिण्यास कारण आहे. १९९२ साली मी लहान असताना आमच्या वडिलांनी नवस फेडण्यासाठी उसनवारी करून बोकड कापला. भावकी एका दुपारी जेवून गेली. देणे फेडता फेडता दोन सुग्या गेल्या आणि आईची पाटली मोडली. वडिलांना दोष देत नाही. तसे न करावे तर गावात मान राहत नव्हता.

बंधुभगिनींनो, कोणाच्या घरच्या चुलीत डोकावण्याचा येथे हेतू नाही. विनंती इतकीच, की यापुढे यात्रेतील नवस पायलीभर ज्वारी, डाळ वा गूळ देऊन फेडावा. त्यातून भाकरी, आमटी, पिठले व लापशी यांची एकच गावपंगत उठावी. तरुण मंडळाने घरोघरी जाऊन हे समजावावे, आयाबहिणींनी पुढाकार घ्यावा. मग गरिबाचाही मान राहील आणि कोणाची पाटली मोडणार नाही.

ग्रामदैवताने आम्हांस अशी बुद्धी द्यावी, हीच चरणी प्रार्थना.