पिंजऱ्यात न येणारी क्रेफिश

क्रेफिश म्हणजे शेवंडीची गोड्या पाण्यातली चुलत बहीण. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये अमेरिकेतली सिग्नल क्रेफिश संवर्धनासाठी आणली, खायला-विकायला. ती तळ्यांतून निसटून नद्यांत पसरली. तिने आणलेल्या रोगाने तिथली मूळ, पांढऱ्या नांग्यांची क्रेफिश मरू लागली. मग लोक म्हणाले, पिंजरे लावा, पकडा आणि खाऊन संपवा! ऐकायला भारी वाटतं ना? पण यॉर्कशायरमध्ये संशोधकांनी ओढ्याचे तुकडे चक्क उपसून मोजणी केली, तेव्हा पिंजऱ्यात सापडण्याएवढ्या मोठ्या क्रेफिश निघाल्या जेमतेम २ टक्के. बाकी सगळी लहान, दगडांखाली. शिवाय ओला पिंजरा दुसऱ्या नदीत टाकला की रोगही तिकडे पोचतो. म्हणून डेटा गोळा करण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या पिंजऱ्यात काय येतच नाही?