विमानाचा रेडिएटर आणि हवेचा रोध

पाण्याने थंड होणाऱ्या विमान-इंजिनाचा रेडिएटर सुरुवातीची बरीच वर्षे हवेच्या झोतात उघडाच असे. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांत तो थेट इंजिनापुढे बसवलेला दिसतो. वेग कमी होता तोवर हे खपून गेले. पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट झाला की तोच रेडिएटर आठपट शक्ती खातो.

शर्यतीच्या विमानांनी उघडा रेडिएटर काढूनच टाकला. 1931 मध्ये ताशी 655 किलोमीटरचा विक्रम करणाऱ्या सुपरमरीन एस. 6बी या सागरी विमानात गरम पाणी पंखांच्या पत्र्याखालून फिरत थंड होई. त्यामुळे जादा रोध जवळजवळ नव्हताच. लढाऊ विमानाला मात्र ही रचना परवडणारी नव्हती, कारण पंखाला कुठेही गोळी लागली तरी पाणी गळून गेले असते.

खरी वाट 1935 मध्ये इंग्लंडमधील फार्नबरो येथील संशोधक एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी दाखवली. रेडिएटर रुंदावत जाणाऱ्या बंदिस्त मार्गात बसवायचा, म्हणजे हवा त्याच्यापर्यंत पोचेतो मंदावते. रेडिएटरच्या जाळीतून जाताना हवेचा वेग एकतृतीयांश झाला, तर दाबातील घट सुमारे एकनवमांशावर येते. उष्णता वाहून नेण्याची क्षमता त्या मानाने पुष्कळच कमी घटते. जाळीचे तोंड मोठे ठेवले की ही उणीव भरून निघते. तापलेली हवा पुढे निमुळत्या तोंडातून वेगाने मागे फेकली जाते आणि थोडा पुढचा रेटाही देते.

5 मार्च 1936 रोजी प्रथम उडालेल्या स्पिटफायर या लढाऊ विमानात ही कल्पना वापरली गेली, पण अपेक्षेइतकी फळली नाही. पंखाखालच्या आखूड मार्गात पंखाला चिकटून वाहणारी मंद हवा शिरे आणि प्रवाह भिंतीपासून सुटून भोवरे उठत. अमेरिकी मस्टँग या लढाऊ विमानात रेडिएटर पोटाखाली मागे गेला, मार्ग लांब झाला, हवा शिरण्याचे तोंड पोटापासून किंचित खाली घेतले गेले आणि बाहेरचे तोंड गरजेप्रमाणे कमीजास्त उघडता येऊ लागले. रेडिएटरचा सगळा रोध तापलेल्या हवेच्या रेट्याने भरून निघाला, हा अनेकदा होणारा दावा अतिशयोक्त आहे. रोधाचा बराच भाग मात्र नक्कीच वसूल झाला आणि त्याचे श्रेय जाळीपेक्षा तिच्या पुढच्या-मागच्या मार्गाच्या आकाराला जाते.