पाठीवर नाव असलेलं कार्ड

आज आम्ही एका छोट्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. ती वस्तू म्हणजे कापडाचं कार्ड. रुंदी २.५ इंच, लांबी ३.५ इंच, साधारण पत्त्याच्या पानाएवढं. त्यावर भरतकाम करायचं, ठिगळं जोडायची, मणी टाचायचे. आणि ते विकायचं नाही, दुसरीने केलेल्या कार्डाशी बदलायचं.

कापडाची चिमुकली चित्रं जमवायची हौस तशी जुनी. १९१० च्या सुमारास अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये तंबाखू कंपन्या सिगारेटबरोबर रेशमाचे छोटे तुकडे देत. त्यावर फुलं, झेंडे, पक्षी असत. गिऱ्हाईक टिकवायची ती युक्ती होती. पण घरोघरच्या बायकांनी ते तुकडे साठवले आणि जोडून त्यांच्या उशा, गोधड्या केल्या. चित्र कंपनीचं, शिवण बाईची.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. १९१४ ते १९१८ या काळात फ्रान्समध्ये लढणारे ब्रिटिश सैनिक रेशमी भरतकामाची पोस्टकार्डं घरी पाठवत. पातळ कापडाच्या लांब पट्टीवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा भरली जाई. मग पट्टी कापून तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवत. काही काम हाताचं, काही यंत्राचं. काही कार्डांना कापडाचा खिसाही असे, आत छोटी चिठ्ठी. ही कार्डं आज संग्रहालयांत जपून ठेवली आहेत. पाठवणाऱ्याचं नाव मागे वाचता येतं. भरतकाम करणारीचं नाव मात्र बहुतेक कार्डांवर नाही.

आता येऊ १९९७ सालात. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात एम. व्हेंची स्टिर्नेमान या कलाकाराने १२०० छोटी कार्डं करून आपल्या पुस्तकांच्या दुकानात मांडली. लोकांना सांगितलं, तुम्हीही कार्ड करून आणा आणि बदलून न्या. माप घेतलं ते मुलं जमवतात त्या खेळाडूंच्या कार्डांचं. त्याच वर्षी कॅनडातल्या कॅलगरी शहरात डॉन मेबी यांनी अशा बैठका सुरू केल्या. सुरुवातीला बहुतेक कार्डं कागदाची होती. पुढे गोधड्या शिवणाऱ्या बायकांनी ती कापडावर आणली.

नियम थोडे. माप तेच ठेवायचं. पैसे घ्यायचे नाहीत. आणि कार्डाच्या पाठीवर करणारीने आपलं नाव आणि तारीख लिहायची.

करायला सोपं आहे. वर नक्षीचं कापड, मध्ये कॉलरला घालतात तसं कडक बकरम, खाली साधं सुती कापड. म्हणजे गोधडीसारखेच थर. कडेने मशीनवर दाट झिगझॅग मारायची. मशीन नसेल तर काजाचा टाका घालायचा. ब्लाउजच्या कापडाची कातरण पुरते.

तुम्ही म्हणाल, विकायचंच नाही तर बचत गटाला उपयोग काय? आम्हीही आपसात यावर बोललो. आपण ऑर्डरच्या पिशव्या शिवतो, त्यावर लेबल व्यापाऱ्याचं लागतं. आपल्या आजीने शिवलेली गोधडी तीन पिढ्या पांघरली जाते, पण तिच्यावर आजीचं नाव नसतं. घरात ठाऊक असतं तोवर असतं, मग तेही जातं. आपलं काम आपलं म्हणायची सवयच आपल्याला लागलेली नाही. ती सवय तळहाताएवढ्या कार्डापासून लावता येते. इथे नुकसान होईल अशी भीती नाही, गिऱ्हाईकाची घाई नाही.

म्हणून आम्ही ठरवलं आहे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्रत्येकीने एक कार्ड आणायचं आणि एक घेऊन जायचं. टाका वाकडा असला तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नाव दोऱ्याने भरावं, शेजारणीने खडूने अक्षरं काढून द्यावीत. पण पाठ कोरी ठेवायची नाही.