चिरा तोच, छप्पर नवे

विजयदुर्गच्या तटबंदीत जो जांभा आहे, तोच आपल्या घरांच्या भिंतींत आहे. १७५६ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. राजवटी बदलल्या, चिरा टिकला. बदलत गेले ते छप्पर.

पूर्वी गरिबाच्या घरावर गवत नाहीतर माडाची झापे असत, ऐपतदाराच्या घरावर कुंभाराची नळीची कौले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. ती चपटी, एकमेकांत बसणारी कौले गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरली आणि नळ्या मागे पडल्या.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत रोजगार वाढला. कोकणी मुसलमानांच्या घरांवर स्लॅब पडू लागला. गच्ची ही परदेशच्या कमाईची खूण ठरली. पडवी गेली, जाळीचा व्हरांडा आला. पडवीत येणारा-जाणारा सहज टेकत असे. आता आधी बेल वाजवावी लागते.

पण आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. सपाट गच्ची गळू लागली की तिच्यावर लोखंडी सांगाडा उभारून उतरते पत्रे घालतात. एका घराला दोन छपरे, खर्चही दुप्पट!

आम्ही शिक्षक वर्गात किल्ल्याचा इतिहास शिकवतो. घराचा इतिहास शिकवायचा राहून जातो. जुने घर पाडले तरी चिरा पुन्हा वापरता येतो. पडवी मात्र नव्या नकाशात आठवणीने काढून घ्यावी लागते.